बसायला कुणीतरी हवं

प्रिय ताई,

धडधाकट वस्तू फेकू नका म्हणून जन्मभर घसा कोरडा करून घरच्यांकडून ‘भंगारवाले’ एवढीच पदवी मिळवलेल्या आपल्या दोघांपैकी धाकट्याचा तुला नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? माझ्या गुडघ्यांचं विचारू नकोस, तीन आठवडे उभ्यानेच नोकरी करतोय.

झालं असं, की साहेबांनी ऑफिसातल्या चाळीसच्या चाळीस खुर्च्या टाकून नव्या मागवायचं ठरवलं. मी भर सभेत पाऊण तास बोललो (दोनदा पाणी प्यायलो). मोडलीत ती चाकं, फाटलंय ते कापड, सांगाडा अजून आपल्या सगळ्यांना पोचवून मागे उरेल, आणि तो कचऱ्यात? टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांनीच मग ते काम माझ्या गळ्यात बांधलं.

शहराबाहेरच्या एका शेडमध्ये एक म्हातारे मिस्त्री जुन्या खुर्च्या नव्याने बांधून देतात. त्यांनी सगळ्या खुर्च्या सुट्या केल्या, घासल्या, रंगवल्या, नवा फोम भरला आणि हाताला येईल तो भाग जोडत गेले. देखण्या झाल्या! पण हेडक्लार्कनी एका खुर्चीच्या लाकडी हातावरची स्वतः ब्लेडने कोरलेली रेघ ओळखली. “हा माझा हात! एकवीस वर्षं कोपर टेकलंय मी यावर.” ज्यांच्या खुर्चीला तो हात लागला होता त्या कॅशियरबाई म्हणाल्या, “मग न्या की उपटून, मला काय हौस आहे?” हात एकाचा, पाठ दुसऱ्याची, असल्या खुर्चीचा भरवसा काय, अशी कुजबुज सुरू झाली आणि आता कुणीच बसत नाही. मिस्त्री रोज फोन करतात, “बसली का हो मंडळी?” मी “बसतील, बसतील” म्हणतो. माझ्याही आवाजात आता जोर उरला नाही, ताई.

सोमवारी साहेब पाहणीला येणार. खुर्च्या रिकाम्या दिसल्या तर त्या भंगारात जातील आणि मिस्त्रींना कबूल केलेलं टेबलांचं कामही जाईल. त्या भरवशावर त्यांनी दोन माणसं कामाला ठेवलीत.

तुझा,
धाकटा

ता.क. तूच का बसून दाखवत नाहीस, असं तू विचारशीलच. बसलो होतो, सगळ्यांदेखत. पाठीसकट मागे गेलो. दोष मिस्त्रींचा नाही. हे किती सोपं आहे ते दाखवायला त्या एका खुर्चीची पाठ मी स्वतः बसवली होती. (ऑफिसात हे अजून कबूल केलेलं नाही. सोमवारी करणार.)

आणखी एक. भाऊजींचं वजन अजून एकशे दहाच आहे ना? बोलायचं काही नाही, ते मी भरपूर करून ठेवलंय. मिस्त्रींनी जोडलेल्या कुठल्याही खुर्चीत साहेबांसमोर दाणकन बसायचं, एवढंच. सोमवारी सकाळी दहाला त्यांना पाठव. न्याहारी करूनच पाठव.