गोठ्यात शिकवलेलं इंग्रजी

तासगाव

प्रिय स्वप्नाली,

सर गेले तेव्हा तू आली नाहीस. ‘काकू, क्लास सोडून निघता येत नाही’ एवढा निरोप आला. साताऱ्यात नवीन बस्तान आहे, जमलं नसेल, असं मीच जिनेशला समजावलं. बाप गेला तरी ती आली नाही म्हणून राग त्याला आला होता, मला नव्हता.

तू पहिल्यांदा आमच्या घरी आलीस तेव्हा सर तुम्हा मुलांकडून द्राक्षांच्या रोगावरचा इंग्रजी लेख वाचून घेत होते. वाक्यात आधी बुरशीचे बीजाणू, मग ते ज्यांच्यावर बसतात ती पानं, आणि शेवटी ‘दॅट’ लावून ‘द्राक्षाच्या मण्यांना रोग लावतात’ असा तुकडा होता. पानं जवळ होती म्हणून तू तो तुकडा बीजाणूंऐवजी पानांना जोडलास. सर हसले नाहीत. सगळ्यांना गोठ्यात नेलं आणि वासराचं दावं सोडलं. वासरू जवळच्या म्हशीला ओलांडून कोपऱ्यातल्या गायीकडं गेलं. ‘बघ गं, जवळ हाय म्हणून कुणी आई होत न्हाई. एकेका नावापाशी थांबायचं अन् इचारायचं, हे काम तुझं का?’ तू मात्र वासराला भिऊन माझ्या पदराआड उभी होतीस.

आम्ही दिवस मावळायच्या आत जेवतो, म्हणून तुझंही ताट मी सरांच्या शेजारी लवकर वाढायची. तुझे बाबा बाहेर स्कूटरवर खोळंबलेले, आणि तू तोंडात घास असताना पुढचं वाक्य विचारायचीस. सर म्हणायचे, ही पोरगी माझं काम पुढं नेईल. शेवटच्या आजारातही तुझा फोन आला. त्यांना धाप लागत होती, तरी तुझं अडलेलं वाक्य त्यांनी सोडवून दिलं. तो फोन मी त्यांच्या कानाला धरला होता.

परवा जिनेशनं मोबाईलवर तुझं भाषण दाखवलं. तेच वासरू, तीच म्हैस, तेच बीजाणू. आणि तू म्हणालीस, हे मला माझ्या आजोबांच्या गोठ्यात सुचलं. आजोबांसकट राहायचात त्या कुपवाडच्या दोन खोल्यांत गोठा कुठं होता गं? लोकांनी टाळ्या वाजवल्या. मधे कुठं सरांचं नाव येतं का म्हणून मी ते पुन्हा लावायला सांगितलं. मग उठून भाकरी करायला बसले.

काल तुझं निमंत्रण मिळालं. रविवारी साताऱ्यात तुझ्या इंग्रजी शिकवण्याच्या पद्धतीच्या पुस्तकाचं प्रकाशन, आणि काकूंनी पहिल्या रांगेत बसायचं. सरांची बायकोच समोर बसली की कुणी काही विचारणार नाही, हे मलाही कळतं. मी येणार आहे. बोलायला उभी राहिलीस की आधी त्यांचं नाव घे, जयपाल सरांनी शिकवलं म्हण. नाही म्हणालीस तर मी उठून सांगेन. चारचौघांत बोलायची मला सवय नाही, तुला ठाऊक आहे. तरी उठेन. आधी कळवते आहे ते एवढ्यासाठी की तिथं तुझे आईबाबाही असतील, आणि त्यांच्यादेखत तुझी मान खाली गेलेली मला बघवणार नाही.

अजून तरी तुझीच,
चंदनबालाकाकू