दबलेला मंत्र

जळगाव, ४ मार्च १९९८

प्रिय लीलाधर,

'प्रिय' सवयीने पडलं. खोडत बसत नाही. तुझं पत्र ह्यांच्या तेराव्याच्या आदल्या दिवशी पोचलं. चार ओळी सांत्वनाच्या आणि दोन पानं धुळ्यातल्या आपल्या खेळाची. तुझ्या स्वभावाला धरूनच आहे.

तुझ्या मामेभावाने अमेरिकेहून आणलेलं नियमांचं पुस्तक, वीस बाजूंचा फासा, देवपुरातली तुझी खोली, रविवारी दुपारी शेंगांच्या टरफलांचा ढीग, मलाही आठवतं. खेळ चालवणारा तू, म्हणजे पंचही तूच आणि देवही. एकाच पात्रावर दोन ढालमंत्र पडले तर त्यांची बेरीज होत नाही, जास्त ताकदीचा चालतो, दुसरा खाली दबून राहतो, हा नियम तू असा समजवायचास, जणू तूच रचला होतास.

माझं खेळातलं पात्र रुपली, तलवार चालवणारी. तिच्यावर आपल्यातल्या बन्सीलालने दहा डाव टिकणारा मोठा मंत्र टाकला. माझा लहानसा, आठ डावांचा, त्याच वेळी त्याच्याखाली. अकराव्या डावात, मोठा मंत्र संपल्यावर, राक्षसाने आग ओकली. मी म्हटलं, माझा मंत्र एकही डाव वापरला गेलेला नाही, तो आता लागू कर. तू शेंग फोडत म्हणालास, "दबेल मंतरना येळ बी सरी जास." रुपली जळाली. सगळे हसले. मीही हसले, कारण तेव्हा तू म्हणशील ते मला खरं वाटायचं.

मग नानांशी बोलायला जामनेरला येतो म्हणालास. नाना दोन रविवार इस्त्रीचा सदरा घालून ओट्यावर बसले. तिसऱ्या आठवड्यात तुझी लग्नपत्रिका आली. पाकिटावर 'सहकुटुंब', तुझ्याच वळणदार अक्षरात.

पुढे हा खेळ मी ह्यांना सांगितला. नियम काही त्यांना कळले नाहीत. रुपलीचं काय झालं, एवढंच विचारलं. जळाली म्हणताच त्यांचा ताटातला हात थांबला.

आणि आता तू लिहितोस, तुझी बायको जाऊन तीन वर्षं झाली, माझ्यावरचा मोठा मंत्रही उतरला, तेव्हा नियमाप्रमाणे खालचा, तुझा, जागा झाला असेल. जळगावला कधी येऊ? येऊ नकोस. माझ्या संसाराला तू मंत्र म्हणालास, तेही सोडून देते. पण पंचाने निदान स्वतःचा निकाल तरी विसरू नये. चौदा वर्षं झाली, लीलाधर. दबलेल्या मंत्राचीही वेळ सरते.

एके काळी तुझीच,
यशोदा