रुपाला विचारलं होतं

मावला,
दि. ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय साक्षी,

सप्रेम जय भीम.

तुझी आणि हर्षदीपची खुशाली फोनवर रोज कळते, तरी आज पत्र लिहायला बसले आहे. अमरच्या हाती न देता पोस्टानं पाठवते. का, ते पुढं येईलच.

आधी इकडचं. रुपा मजेत आहे. कमरेत जिथं सुया टोचल्या होत्या तिथं आता काही दुखत नाही. परवा शाळेत लंगडी खेळून आली. आपल्या बोन मॅरोतून काढलेल्या स्टेम सेल दादाला दिल्या, हे तिनं तेलुगूच्या बाईंपासून समोरच्या किराणावाल्यापर्यंत सगळ्यांना सांगून टाकलं. आता तिला वेगळीच चिंता लागली आहे. "आत्या, दादाले माह्यासारखा राग येईन काय?" मी म्हटलं, येऊ दे. सिकलसेलच्या दुखण्यानं बारा वर्षं गप्प पडून राहिलेला पोरगा थोडा भांडला तर आपल्याला आनंदच आहे.

अमर कचेरीतून थेट इथं जेवायला येतो. जेवता जेवता हर्षच्या रिपोर्टचे फोटो पुन्हा पुन्हा पाहतो. पांढऱ्या पेशी वाढल्या म्हणून परवा पेढे आणायला निघाला होता. मीच अडवलं. पेशी चढवल्याला आज एक्केचाळिसावा दिवस. शंभर होईपर्यंत धीर धर म्हटलं.

साक्षी, एक प्रसंग तुला नीट माहीत नाही. सप्टेंबरच्या सुरुवातीची गोष्ट. हर्षची औषधं सुरू व्हायची होती आणि तू वॉर्डात त्याच्याजवळ होतीस. आम्हाला खाली एका डॉक्टरबाईंनी बोलावलं. त्या हर्षच्या डॉक्टरांपैकी नव्हत्या. रुपाची बाजू पाहायला म्हणून वेगळ्या नेमलेल्या होत्या. अमरनं त्यांना विचारलं की आजकाल रोग्याच्याच पेशीतला बिघाड दुरुस्त करतात म्हणे, मग पोरीला काऊन त्रास द्यायचा? त्या म्हणाल्या, बाहेरदेशी ते सुरू झालंय, आपल्याकडं चाचण्या चालू आहेत, पण आज हर्षसाठी बहिणीच्या पेशी हाच जास्त भरवशाचा रस्ता आहे. आणखी वीस वर्षांनी बहुतेक कोणाला भावंडाकडं मागावंच लागणार नाही.

मग त्यांनी अमरला बाहेर बसवलं, मला तेवढं रुपाजवळ राहू दिलं आणि तिच्याशी तेलुगूत बोलल्या. भूल देऊ, हाडातून काढू, आठवडाभर कंबर दुखेल, सगळं सांगितलं. आणि सांगितलं की तू नाही म्हटलंस तरी तुला कोणी रागावणार नाही. रुपानं विचारलं, मी नाही म्हटलं तर दादा मरेल का? त्यांनी खोटं सांगितलं नाही. म्हणाल्या, आता जसा आहे तसाच राहील, दुखणं येत राहील, आम्ही दुसरा उपाय शोधत राहू. रुपा म्हणाली, उद्या सांगते.

अमरला ते पटलं नाही. आठ वर्षांच्या लेकराला काय विचारायचं, आपण मायबाप आहोत ना, म्हणून तो चिडला. बाई एवढंच म्हणाल्या की अंग तिचं आहे, आणि औषधं सुरू झाली की हर्षचा स्वतःचा मॅरो संपतो, पेशी मिळाल्या नाहीत तर तो वाचत नाही; तेव्हा विचारलं तर ते विचारणं राहत नाही.

दुसऱ्या दिवशी रुपा माझा हात धरून आत गेली आणि हो म्हणाली. बाहेर आल्यावर मी तिला विचारलं, भीती नाही वाटली? ती म्हणाली, "वाटते न. पण मले विचारलं, म्हणून देऊन राह्यली."

तेव्हापासून मला सुखानं घास जात नाही.

कारण तुला कोणी विचारलं नव्हतं. चौदा वर्षांपूर्वी तुमची सोयरीक ठरत होती तेव्हा वांकिडीकडं तुझ्या गावात सिकलसेलचं शिबिर झालं. लॅब टेक्निशियन म्हणून तुझं रक्त मीच घेतलं, तपासलंही मीच. तुझ्या चिठ्ठीवर मी 'सामान्य' लिहून दिलं. साक्षी, तू वाहक होतीस. अमरही वाहक आहे, हे मला नोकरीला लागल्यापासून माहीत होतं. मायबाप दोघं वाहक असले की दर लेकराला चारात एक धोका, हे मी शिबिरात लोकांना तक्ता दाखवून समजावत होते.

हर्षला निदान झालं तेव्हा अमर म्हणाला, त्या काळच्या तपासण्या कच्च्याच असायच्या. आणि तू माझा हात धरून म्हणालीस, ताई, तुमचा काय दोष. तपासणी पक्की होती. हर्ष पोटात असताना नर्सनं सिकलसेलचं विचारलं तेव्हा 'नणंदेनंच तपासलंय' असं सांगून तू निश्चिंत झालीस, हेही मला ठाऊक आहे.

काऊन केलं? मी स्वतः वाहक आहे. किनवटकडची माझी सोयरीक त्यावरूनच मोडली, मग बातमी पसरली आणि पुढची दोन स्थळं दारापर्यंतही आली नाहीत. वाहकाला काही आजार नसतो हे सांगत फिरणारी मी, आणि माझंच कोणी ऐकलं नाही. तुझ्या वाट्याला ते येऊ नये असं वाटलं. इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले.

पण पुरतं खरं हे की मला तुझ्यापेक्षा अमरची काळजी जास्त होती. तू त्याला आवडली होतीस. लग्न मोडलं असतं तर तो खचला असता. त्याचं सुख मी तुझ्या रक्तावर परस्पर ठरवून टाकलं.

उद्या आमच्या मेडिकल ऑफिसरांना हे सगळं लेखी देणार आहे. बाकी कोणाचा कागद मी बदलला नाही, पण आता त्यांनी माझ्या शब्दावर का विसंबावं? त्यांना सगळं रजिस्टर तपासू दे. अमरला अजून सांगितलेलं नाही. आधी तुला कळायला हवं होतं.

तुझी नणंद म्हणवून घ्यायचं की नाही, ते तुझ्यावर सोपवून,

प्रगती


हैदराबाद,
दि. १९ नोव्हेंबर २०२५

प्रगतीताईंना,

जय भीम.

चार दिवस तुमचा फोन उचलला नाही. हर्ष रोज विचारत होता, आत्याशी काऊन नाही बोलत? अमर शनिवारी आले तेव्हा पत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते वाचलं. तुमच्याशी काय बोलायचं ते त्यांचं ते ठरवतील.

ताई, पहिल्यांदा हर्षचे हातपाय सुजले तेव्हा मी स्वतःलाच विचारत होते की पोटुशी असताना माझं काय चुकलं. दहा वर्षं विचारत होते. तुम्ही शेजारी बसून मला पाणी देत होतात. याचा राग माझ्या मनातून कधी जाईल, मला सांगता येत नाही. माफ केलं असं मी लिहिणार नाही, कारण ते आज खरं नाही.

तुम्ही सांगितलं असतं तर मी काय केलं असतं, याचाही विचार केला. कदाचित लग्न केलं नसतं. कदाचित केलं असतं आणि बाळ पोटात असतानाच तपासलं असतं. तिथून पुढं विचार जात नाही, कारण हर्ष समोर बसून गरम वरणभात मागतो आणि मी उठते. तो नसता, असं मला म्हणवत नाही. पण ठरवायचं माझं होतं, हे तुम्ही लिहिलंत, म्हणून मी हे उत्तर लिहायला बसले.

काल डॉक्टरांनी सांगितलं की त्याच्या रक्तात आता जवळजवळ सगळं रुपाकडूनच आलेलं आहे. जुन्या वाकड्या पेशी दिसत नाहीत. पुढं अजून धोके आहेत, तेही सांगितले. तरी सकाळी तो हॉस्पिटलजवळच्या आमच्या भाड्याच्या खोलीतून गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेला आणि कुठंही न थांबता परत आला. मी मागंमागं होते. मला वाटतं, जन्मात पहिल्यांदा त्यानं असं केलं.

मेडिकल ऑफिसरांना लिहून दिलंत ते बरं केलं. आता माझं एक काम करायचं आहे. रुपाच्या तपासण्यांत तीही वाहक निघाली, हे तुम्हाला माहीत आहे. ती समजती झाली की तिला हे तुम्हीच सांगायचं. मी शेजारी बसेन. तक्ता दाखवा, सगळं नीट समजावा. पुढं कोणाला सांगायचं आणि कसं, ते तिचं ती ठरवेल, आणि त्या दिवशी आपण दोघींनी मध्ये बोलायचं नाही.

येत्या रविवारी तिला घेऊन या. हर्षला मास्क लावून भेटता येईल. मी तुमच्याशी फार बोलेन असं नाही, पण जेवण करून ठेवीन.

अजूनही तुमची,

साक्षी