नूरमहलचा जनाना जिना

मंगळवार, ४ नोव्हेंबर
लातूरच्या आमच्या वजनमाप लॅबमध्ये दिवसभर त्या नव्या पिक्चरच्याच गप्पा. ट्रेलरमध्ये हीरो एका हातानं ट्रॅक्टर उचलतो आणि दुसऱ्या हातानं मिशी पिळतो. ट्रॅक्टरचं वजन मला माहीत आहे. काही बोलले नाही.
दयानंद म्हणाला, की असला पिक्चर मॉलमध्ये बघणं म्हणजे हुरडा मिक्सरमधून काढून खाणं. बघायचा तर नांदेडच्या नूरमहल टॉकीजमध्ये, निजामाच्या काळातल्या. शनिवारी जाऊन येऊ. व्यंकट, दीपाली आणि शिवमूर्तीनं हात वर केले. मग मीही. जुन्या इमारतीत आवाज कसा घुमतो, याचं मला कुतूहल आहे. दुसरं कारण नाही.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
चहा देताना कावेरीबाई म्हणाल्या, की दयानंद सर रविवारी कंधारला पोरगी बघाया चाललेत, तुमास्नी म्हाईत न्हाई व्हय? शिवगंगा नाव, बी.एस्सी. झालेली.
मला त्याचं काही नाही. पण पद्धतीला आक्षेप आहे. एक भेट, एक पोह्याची प्लेट आणि निर्णय! आम्ही किराणा दुकानाचा साधा काटा तपासतो तरी हलकी, भारी, मधली, सगळी वजनं ठेवून बघतो. मगच पासचं स्टिकर. आणि काटा कुणाचा आहे हे मी कधीच बघत नाही. म्हणून माझं स्टिकर लागलं की पुन्हा कुणी तपासत नाही.
हा आक्षेप दयानंदला कंधारच्या आधी कळायला हवा. इंटरव्हलमध्ये सांगेन. वाक्य तयार आहे: तू होकार देऊ नयेस, असं मला वाटतं. का, असं विचारलं तर त्याचंही उत्तर तयार आहे. ते इथे लिहायची गरज नाही.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
व्यंकटला बसमध्ये उलटी होते, याची त्याला आठवण करून दिली. तो गळाला. दीपालीला सांगितलं, की जुन्या टॉकीजचे स्पीकर फार कर्कश असतात. तिला अर्धशिशी आहे. तीही गळाली. शिवमूर्तीला शनिवारची ड्यूटी आली. ड्यूटी चार्ट मी बनवते, पण हा योगायोग. उरलो दोघं. लहान ग्रुप सांभाळायला सोपा.
निश्चय: नेहमीचाच कुर्ता घालायचा.
संध्याकाळी निळा नवा कुर्ता इस्त्री केला. तोही पुढे नेहमीचा होणारच आहे.

शनिवार, ८ नोव्हेंबर. सकाळी, बसमध्ये
दयानंद स्टँडवर आला. सोबत त्याची अव्वा, म्हणजे आई, शिवम्मा काकू, देवणीहून आलेल्या. उद्या कंधारला जायचंच आहे, म्हणून आजपासूनच सोबत. योजनेत किरकोळ बदल.
दयानंदनं आम्हा दोघींना शेजारी बसवलं आणि स्वतः ड्रायव्हरच्या मागं जाऊन बसला. तिथून वारा चांगला येत असेल. काकूंनी विचारलं, की गाव कंचं, भाकरी येती का, आन् हापिसात दिवसभर काय करतीस? मी नेमकी उत्तरं दिली. औसा. येत नाही. काटे तपासते. काकू म्हणाल्या, की खरं बोलतीस गं बाई, बाकीच्या पोरी तर भाकरीचा इषय निघाला की चंद्रच थापत्यात.
अहमदपूरला त्यांनी पेरू घेतला, अर्धा मला दिला. मी घेतला. नाकारण्यात वेळ गेला असता.

दुपारी, नूरमहलसमोर
ढोल. हीरोच्या पोस्टरला हार. गर्दीतून आत जाताना इंटरव्हलचं वाक्य दोनदा म्हणून बघितलं. जमतंय.
दारावर कळलं, की दुपारच्या खेळाला बाल्कनी बायकांची आणि खाली पुरुष. जिनेही वेगळे. मी हरकत घेतली. दारावरचे चाचा म्हणाले, की बाजी, निजाम गए, ज़नाना ज़ीना यहींच है.
दयानंदला हे माहीत असणं शक्य नाही, नाहीतर त्यानं आधी सांगितलं असतं. गोंधळलेला मात्र दिसला नाही. म्हणाला, की अव्वाला सांभाळून वर ने, आन् मोकळेपणानं बोल तिच्याशी, मनात असंल ते. मला काय बोलायचं असणार? मी पिक्चर बघायला आले आहे.

इंटरव्हल, बाल्कनी
काकू पडद्याकडं कमी आणि माझ्याकडं जास्त बघतात. त्यांना पिक्चर समजत नसावा.
त्या म्हणाल्या, की त्यांच्या सासूनं त्यांना ह्याच बाल्कनीत बघून पसंत केलं होतं. घरी बघाया गेलं की पोरगी मान खाली घालती, काय कळत न्हाई. पिक्चरला बसवली की कळतं. कुठं हसती, कुठं रडती, शेजारणीला पाय ठिवाया जागा देती का न्हाई. बैल बाजारात बघू नये, औताला जुपल्यावर बघावा.
रीतसर पद्धत आहे. जास्त वेळ निरीक्षण, नैसर्गिक परिस्थिती. मी त्यांचं अभिनंदन केलं.
मग त्यांनी मोबाइलवर शिवगंगाचा फोटो दाखवला, तिची सगळी माहिती सांगितली आणि विचारलं, की तूच सांग, माझ्या दयानंदला ही होईल का? डोळे माझ्यावर रोखलेले.
मी फोटो मोठा करून तपासला. चेहरा शांत. शिक्षण पूर्ण. भाकरी येते. दोष शोधला, बराच शोधला. सापडला नाही. न सापडलेला दोष सांगणं माझ्या कामात बसत नाही. म्हणाले, की काकू, मुलगी उत्तम आहे, दयानंदनं होकार द्यायला काहीच हरकत नाही.
काकूंनी मोबाइल बंद केला. मग हळूच म्हणाल्या, की मनापासून सांगतीस का, पोरी? मी म्हणाले, की तपासल्याशिवाय मी काही पास करत नाही.
त्यांनी दुसरा पेरू काढला होता. तो परत पिशवीत ठेवला.
खाली जाऊन दयानंदला गाठायला निघाले, तर जनाना जिन्याच्या दाराला बाहेरून कडी. पुरुष वर येऊ नयेत म्हणून इंटरव्हलभर लावतात. म्हणजे वाक्य वरच राहिलं.

संध्याकाळी, परतीच्या बसमध्ये, एकटी
ती दोघं कंधारच्या गाडीनं गेली. त्याआधी दयानंदनं काकूंकडं बघितलं. काकूंनी मान हलवली, नाही म्हणतात तशी. मग त्यानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, की ट्रिप छान झाली. त्याचा चेहरा उतरला होता. खालच्या खुर्च्या खराब असणार.
वाक्य फोनवर सांगेन. लोह्याला रेंज नव्हती. अहमदपूरला होती, पण शेजारच्या बाई जाग्या होत्या. मेसेज नको, तो लेखी राहतो.

रविवार, ९ नोव्हेंबर
सकाळी फोन केला नाही, आंघोळीला गेला असेल. मग केला नाही, पोहे चालले असतील. दुपारी कपाट आवरलं. नीट झालं नाही असं वाटलं, म्हणून सगळं काढून पुन्हा आवरलं.

सोमवार, १० नोव्हेंबर
दयानंदनं पेढे वाटले. माझ्या टेबलाशी शेवटी आला.
म्हणाला, की शनिवारची ट्रिप त्यानंच जुळवली होती. अव्वाला तिच्या पद्धतीनं, नूरमहलात, माझ्याशेजारी बसवायचं. तिनं हो म्हटलं असतं तर नांदेडहूनच फोन करून कंधार रद्द. आणि मी पसंत पडले होते, दुसऱ्या पेरूपर्यंत. पण अव्वा म्हणाली, की पोरगी सोनं हाय रे, पर तिचं मन तुझ्यावर न्हाई. मन असलेली बाई दुसरीला पास करती व्हय?
मग त्यानं मलाच विचारलं, की मॅडम, अव्वाचं बरोबर होतं ना?
मी म्हणाले, की पद्धतच चूक होती. तपासणी आहे, हे आधी कळवावं लागतं.
त्यानं माझ्या टेबलावर एक पेढा ठेवला. मग बरं मॅडम म्हणून गेला. पेढ्यात साखर जास्त होती.
चुकीनं दिलेलं प्रमाणपत्र मागे घेता येतं. तसा नियमच आहे. उद्या मागे घेईन.

मंगळवार, ११ नोव्हेंबर
तो साइटवर. अशा गोष्टी समोरासमोरच बोलाव्यात.

बुधवार, १२ नोव्हेंबर
तो समोर होता. अशा गोष्टी फोनवर सोप्या जातात.

गुरुवार, १३ नोव्हेंबर
फोन केला. पहिल्याच रिंगला उचलला. म्हणाला, की बोल, तनुजा. मॅडम म्हणाला नाही.
मी विचारलं, की पिक्चरचा शेवट काय होता, माझं नीट लक्ष नव्हतं.
तो म्हणाला, की त्याचंही नव्हतं.

रविवार, १६ नोव्हेंबर
शिवम्मा काकूंचा फोन. साखरपुड्याच्या साडीसाठी लातूरला आल्या होत्या. म्हणाल्या, की चल गं पोरी, तुझी नजर बारीक, तू पास केलीस की माझ्या जिवाला घोर न्हाई. मी सांगितलं, की आज अजिबात वेळ नाही.
मग गेले.
साडी अंगावर लावून बघायला दुकानात कुणीतरी उभं राहावं लागतं. शिवगंगाची उंची माझ्याएवढीच आहे म्हणे. काकूंनी एकेक पदर माझ्या खांद्यावर टाकून बघितला.
निळी चांगली दिसली. पास केली.