बंद करा, असं सांगून आल्यावर

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्याकडे गाणं शिकलेलं कोणी भेटलं तरी आता आम्ही तुमच्याबद्दल बोलत नाही, आपापल्या गुडघ्यांबद्दल बोलतो. आज मात्र तुमच्याशीच बोलावंसं वाटतंय. सकाळी नानाखेड्याला जाऊन एका मुलीला तिची कंपनी बंद करायला सांगून आलो, आणि घरी आल्यापासून रामघाटाकडे उतरणाऱ्या गल्लीतलं तुमचं स्वयंपाकघर डोळ्यांसमोरून हलत नाही.

मी काय काम करतो ते तुम्हाला सांगायला हवं, कारण तुमच्या वेळी असलं काम नव्हतं. तरुण मुलं एखादं नवं यंत्र करतात, नाहीतर मोबाइलवर चालणारं काहीतरी, आणि त्याची कंपनी काढतात. कमाई अजून काही नसते. इंदूरच्या काही डॉक्टर-व्यापाऱ्यांनी मिळून अशा कंपन्यांसाठी एक फंड केलाय. त्यातून पैसे कोणाला द्यायचे हे मी ठरवतो, आणि दिल्यावर ती कंपनी उभी राहीपर्यंत सल्ला देतो. ऐकायला बरं वाटतं. प्रत्यक्षात मी दिवसभर नाही म्हणत असतो. आधी पाणी विचारायचं, मग सांगायचं, "आयडिया चांगली आहे, वेळ अजून आली नाही." मुलं मान हलवतात, लॅपटॉप मिटतात, जिना उतरून जातात. पूर्वी अशा दिवसांनंतर मला झोप लागायची नाही. आता लागते, आणि तेच जास्त थकवतं.

सकाळच्या या मुलीला मी हो म्हटलं होतं. कंपनी तिची आणि तिच्या भावाची; त्यांचे वडील बँकेच्या बदलीवर अकोल्याहून इकडे आले ते इथलेच झाले. दोघांनी एक डबी केली होती. गोदामात कांद्याच्या ढिगात ती खुपसून ठेवायची. आत कुठे सडायला लागलं की आपल्याला वास येण्याच्या कितीतरी आधी ती मोबाइलवर कळवते. डबी खरोखर चालते, बाई. नानाखेड्याच्या बस स्टँडमागच्या त्यांच्या ऑफिसात मुद्दाम सडवलेल्या कांद्यांची पोती असायची, तिथून आलं की बायको मला आधी आंघोळीला पाठवायची. पण व्यापारी ती घेत नव्हते. मी स्वतः तिच्याबरोबर एका गोदामात गेलोय. शेठ डबी हातात घेऊन बघत राहिला, मग शांतपणे म्हणाला, "मैडम, अभी पता नहीं है तो माल बिक जाता है. पता चल गया तो लेने वाले को बताना पड़ेगा." बाहेर आल्यावर ती बराच वेळ हसत होती. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आज सकाळी दोघं माझी वाट बघत बसले होते. बंगलोरचे लोक पुढचे पैसे घालणार होते, ते मागे सरले होते, हे त्यांना कळलं होतं. मी नेहमीसारखी सुरुवात केली. तिनं मध्येच थांबवलं. "सर, घुमवून नका बोलू. डबी खराब आहे, की आम्ही?"

"तसं नाही. वेळ अजून..."

"ते तर तुम्ही सगळ्यांना बोलता."

मग मी खरं ते सांगितलं. डबी चांगली आहे, पण जी गोष्ट लोकांना कळून घ्यायचीच नाही ती विकायला वेगळा माणूस लागतो, आणि तो तुम्हा दोघांत नाही. राहिलेले पैसे कामावरच्या मुलांच्या पगाराला ठेवा आणि बंद करा. भाऊ उठून खिडकीशी जाऊन उभा राहिला. "हे आधी का नाही बोलले?" त्यानं माझ्याकडे न बघता विचारलं. मी म्हटलं, "आधी मलाही माहीत नव्हतं." ती टेबलावर चालू असलेल्या डब्या एकेक करून बंद करत गेली.

तुमच्या स्वयंपाकघरात मीही एकदा असाच बसलोय. इंजिनिअरिंगला नंबर लागलाय आणि मी सांगायला आलोय की जाणार नाही, गाणार. तुम्ही मटार सोलताय. सोलता सोलताच म्हणता, "सीट सोडू नकोस. तुझा कान पक्का आहे, गळा नाही. मी खूप वाट पाहिली रे." मी म्हणतो, रियाज वाढवतो. "रियाजानं गळा तयार होतो, पैदा नाही होत. बुरा मान, पण घरी जाऊन मान. आधी जेव." आणि खरंच मी रडत रडत मटारची उसळ आणि भात खाल्ला, तुम्ही न विचारता पुन्हा वाढलंत. निघताना चपला घालत होतो तेव्हा म्हणालात, "गुरुवारी ये. शिकायला नाही. मुली गातात तेव्हा कुठे घसरतात ते मला आता नीट ऐकू येत नाही, तू सांग." मी रागातच आलो, आणि नोकरी लागेपर्यंत येत राहिलो. तुम्हाला नीट ऐकू येत होतं, हे मला फार उशिरा कळलं.

आज खरं बोलायचं तेवढं मला जमलं. पुढचं नाही जमलं. "फोन कर काही लागलं तर" असं म्हणून मी जिना उतरलो आणि ऑटोत बसलो. फ्रीगंजच्या पुलावर ऑटो अडकली तेव्हा सुचलं, की दुसऱ्याचं यंत्र कुठे अडतंय हे त्या मुलीला बघता क्षणी कळतं. मला ते कधीच कळत नाही. मी माणसं बघून ठरवतो आणि निम्म्या वेळा चुकतो. माझ्याकडे रोज नवी मुलं यंत्रं घेऊन येतात. तिला शेजारी बसवायला हवं, तिच्यावर उपकार म्हणून नाही, मला गरज आहे म्हणून. मेसेज लिहिला आणि पुसला. तिला वाटेल, सकाळी कंपनी बंद करवली आणि दुपारी नोकरी देतोय. पुन्हा लिहिला. पुन्हा पुसला.

तिचा नंबर माझ्याकडे आहे, बाई. तुमचा कुठे काही पत्ता नाही. तरी दुपारपासून मी तुम्हालाच लिहीत बसलोय.