शेवटच्या अंकाआधी

ता. ३ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि. पत्राला कारण बाबा. त्यांचा खोकला तुला माहीत आहे. इथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की फुप्फुसात गाठ आहे, ती पसरलीय, आणि आता फारसं काही हातात नाही. तरी एकदा तुमच्याकडच्या मोठ्या दवाखान्यात दाखवा म्हणाले. बाबांना मी एवढंच सांगितलंय की खोकल्याचा तपास करायचाय. खरं सांगायचं की नाही ते अजून ठरवलेलं नाही. तू काय म्हणशील ते मला ठाऊक आहे, तेव्हा ते लिहिण्यात शाई घालवू नकोस.

बाबा यायला तयार नव्हते. भिंतीकडे तोंड करून बसले. मग एकदम म्हणाले की नाटक दाखवणार असाल तर येतो. वर अट अशी की विनोदी नको. हसायला त्यांना घरात माझा स्वयंपाक पुरतो म्हणे. आणि ज्यात कुणी मरत नाही असलं नाटक बघायला एवढा प्रवास कोण करतो, असंही म्हणाले.  तेव्हा एखादं जड, काळजाला हात घालणारं नाटक बघून ठेव. तिकिटं तीन. मला लॉन्ड्रीतून रजा मिळालीय, पण इस्त्रीच्या यंत्रावर माझ्या जागी जिला उभं केलंय ती चादरी जाळणार हे नक्की.

माझं अक्षर वाचता आलं नाही तर तो तुझा दोष. मी चौथी शिकलेली, तू मॅट्रिक.
तुझी ताई

ता. ९ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि. तुझं पत्र दुकानात वाचलं. एका गिऱ्हाइकाला भलत्याच नंबरचा चष्मा दिला. तो बाहेर जाऊन खांबाला धडकून परत आला, तेव्हा मी भानावर आले.

ताई, बाबांना काहीही सांगायचं नाही. तुझा स्वभाव मला माहीत आहे, तू तोंडावर बोलून मोकळी होतेस. पण माणूस उमेदीवर जगतो. ती काढून घेतलीस तर राहील काय?

आणि गंभीर नाटक कशाला? आधीच घरात काय कमी आहे? आमच्या दुकानासमोरच्या थिएटरात सध्या एक झकास प्रकार चाललाय. एका माणसाची दोन लग्नं झालेली असतात आणि दोन्ही बायका एकाच हॉटेलात उतरतात. लोक हसून हसून खुर्चीतून घसरतात. दुसरं एक आहे, म्हातारा न्यायाधीश रात्रभर एकटा बोलत बसतो, पण ते मी तुला कळवते आहे ते केवळ तू विचारलंस म्हणून. पहिल्याचीच तिकिटं काढते. बाबांना सांग, शेवटी एक बायको मरते. आत गेल्यावर कोण उठून जातंय!

माया आहे ती असू द्यावी.
तुझी धाकटी

ता. १४ जून

चि. धाकटीस,
आशीर्वाद. दोन बायकांचं नाटक तुला लखलाभ. बाबांना वाचून दाखवलं, तर म्हणाले की असला माणूस त्यांच्या कारखान्यात होता आणि त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

न्यायाधीशही नको. एक माणूस खुर्चीत बसून तीन तास बोलतो ते मी आमच्या सुपरवायझरचं रोज उभ्याने ऐकते.

तू एवढ्या मोठ्या शहरात राहतेस आणि तुला एक धड रडवणारं नाटक सापडत नाही? नुसती दुकानाच्या काचेतून बघू नकोस, चार पावलं चाल. आम्ही चोवीसला पोचतो.
तुझी ताई

ता. १६ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि. सापडलं! आणि असं सापडलंय की तू माझी पाठ थोपटशील. नावाड्याचं नाटक पुन्हा लागलंय. आपलं नावाड्याचं!

आठवतं ना? बाबा तेव्हा थिएटरात सुतारकाम करायचे, पडद्यामागची दारं-खिडक्या बनवायचे. आपल्या दोघींना मागच्या रांगेत फुकट बसवायचे. शेवटच्या अंकाची घंटा झाली की उचलून बाहेर, कारण शेवटची बस. आणि पुढची गोष्ट ते चालता चालता सांगायचे. मी खांद्यावर, तू बोट धरून. नावाडी वादळात जातो, त्याची बायको रोज खिडकीत दिवा लावून बसते, आणि शेवटी तो फाटक्या शिडासकट परत येतो. ती त्याला आधी ओल्या पायांवरून रागावते आणि मग मिठी मारते. घरी आल्यावर आईच्या खाटेपुढे स्टुलावर उभी राहून मी तेच सगळं करून दाखवायचे. आईला उठवत नसे, तरी ती पडल्या पडल्या टाळ्या वाजवायची. पुढच्याच वर्षी ती गेली. मला तिचा चेहरा नीटसा आठवत नाही, पण त्या टाळ्या आठवतात.

तेव्हा बघ, नाटक गंभीर आहे, बाबांची अट पाळली जाते, आणि शेवट गोड आहे, माझीही पाळली जाते. तिसऱ्या रांगेतली तिकिटं काढून ठेवली. आता बोल!
तुझी धाकटी

ता. १९ जून

चि. धाकटीस,
आशीर्वाद. बोलते. नावाडी परत येत नाही.

तू चाळिशी ओलांडलीस, तेव्हा आता सांगायला हरकत नाही. मी लॉन्ड्रीत नवीन होते तेव्हा माझ्यासोबत चादरी घडी घालायला एक लांब वेणीची बाई असायची. एक टोक ती धरायची, एक मी. ती एकदा नावाड्याच्या नाटकाचं सांगून डोळे पुसायला लागली. मी म्हटलं, अगं पण तो येतो की परत. ती म्हणाली, बुडतो. मी म्हटलं, माझ्या बापाने त्या नाटकाची होडी बनवलीय, तू मला शिकवू नकोस. चांगलं भांडण जुंपलं. मी रागाने माझ्याकडचं टोक सोडलं, धुतलेली चादर खाली पडली, सुपरवायझर धावत आला. त्याला विचारलं तर तोही म्हणाला की बुडतो. मग मी एकेकाला बाकीच्या नाटकांचं विचारत सुटले. जिचं मूल बरं होतं म्हणून बाबांनी सांगितलं होतं, तिचं मूल दगावतं. घर वाचतं त्याचं घर जातं. सगळेच्या सगळे शेवट बाबांनी बदललेले. आणि बस म्हणशील तर नंतरही दोन बसा होत्या.

त्यांना मी कधी विचारलं नाही. लहान पोरींना रडवायचं नसेल, असं धरून चालले.

तिकिटं परत करू नकोस. त्यांनी रडवणारं मागितलं होतं, तू नेमकं तेच काढलंस. त्यांना काल नाव सांगितलं, तर आपले काळे बूट काढून पॉलिश करत बसले.
तुझी ताई

ता. २२ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि. हे पत्र तू निघायच्या आधी हातात पडेल का कोण जाणे. मी तिकिटं परत करायला गेले होते, घेत नाहीत. तेव्हा असं करू. शेवटच्या अंकाआधी टॅक्सी दारात उभी करते. घंटा झाली की मी बाबांना म्हणेन, उशीर झालाय, चला. त्यांना हे बघायला लावायचं नाही, ताई. आत्ता नाही. तुला माझी शपथ आहे.
तुझी धाकटी

ता. २ जुलै

चि. धाकटीस,
आशीर्वाद. आम्ही सुखरूप पोचलो. बाबांना प्रवासाचा शीण आहे, पण जेवतात. तुमच्या मोठ्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं हे तुला माहीतच आहे. माझ्या जागेवरच्या बाईने चादरी जाळल्या नाहीत, फक्त उशीचे अभ्रे जाळले.

तू स्टेशनवर माझ्याशी धड बोलली नाहीस. घंटा झाली तेव्हा तू बाबांचा हात धरून उठलीस, बाबांनी तुझा हात सोडवून घेतला आणि म्हणाले की तुला जायचं तर जा, ते शेवटपर्यंत बसणार आहेत. तू गेलीस. मी तुझ्यामागे आले नाही याचा तुला राग असेल. असू दे. पण पुढचं तुला कुणीतरी सांगायला हवं आणि सांगणारी मीच आहे.

मला वाटलं होतं खूप आरडाओरडा असेल. तसं काही नाही. दोन खलाशी येतात, नावाड्याचं वल्हं उंबऱ्याशी टेकवून ठेवतात आणि टोप्या हातात घेऊन निघून जातात. बाई दार उघडते. वल्हं बघते. ते ओलं असतं, म्हणून कापड आणून पुसते, वरपासून खालपर्यंत, आपण भांडं पुसतो तसं. मग खिडकीतला दिवा उचलते. मला वाटलं विझवणार. पण नाही विझवत. टेबलावर ठेवते आणि जेवायला बसते. एकटी. पडदा.

आजूबाजूला सगळे नाकं पुसत होते. बाबांनी तेवढं सांगितलं की त्या दाराला फट राहतेय, त्यांच्या वेळी राहत नसे.

बाहेर पायऱ्यांवर बसायचं म्हणाले. टॅक्सीवाला आमच्यावर खेकसत होता, त्याला मी गप्प केलं. मग बाबांनी आपण होऊन सांगितलं. आपल्या जन्माआधी आईने ते नाटक दोनदा पाहिलं होतं. नावाडी येत नाही हे तिला चांगलं ठाऊक होतं. आपण घरी जाऊन आईला गोष्ट सांगणार, म्हणून ते शेवट बदलायचे. आपल्यासाठी नव्हे, तिच्यासाठी. आणि तू स्टुलावर उभी राहून तो परत आला म्हणून सांगायचीस, तेव्हा ती टाळ्या वाजवायची आणि तुझ्यामागे उभ्या बाबांकडे बघायची. आता दिवस थोडे आहेत हे तिला कळलेलं होतं. बाबांना कळत होतं की तिला कळलंय. दोघंही एक अक्षर बोलले नाहीत. तिला भीती वाटते का, पोरींचं कसं करायचं, काय काय विचारायचं होतं, सगळं राहिलं. मग ती गेली.

एवढं सांगून झाल्यावर त्यांनी मला विचारलं की डॉक्टर काय म्हणाले.

मी सांगितलं. डॉक्टरांनी सांगितलं तसंच, त्यात घातलं नाही की काढलं नाही. दुखेल का, विचारलं. मी म्हटलं, दुखेल, पण त्यावर औषधं आहेत. त्यांनी मान हलवली. म्हणाले, भूक लागली. कोपऱ्यावर एक जण अंडी-पाव विकत होता, तिथे उभ्याने खाल्लं. त्यांनी दोनदा मागून घेतलं. टॅक्सीवाल्यालाही दिलं, तेव्हा कुठे तो नीट बोलायला लागला.

शपथ मी मोडली. माझ्यावर हवं तितकं चीड, पण चिडून घरी बसू नकोस. लोभ कमी झाला असेल तर इथे येऊन भांड, पत्रात भांडणं मला जमत नाही, हात दुखतो.
तुझी ताई

ता. क. बाबा विचारत होते की धाकटीला अजून कोणकोणती नाटकं आठवतात. तू आलीस की एकेकाचा खरा शेवट सांगणार आहेत. मी म्हटलं, बाबा, नाटकं पुष्कळ आहेत, सगळी व्हायची नाहीत. तर म्हणाले, म्हणूनच तिला लिही, की या खेपेला घंटेची वाट बघू नकोस.