ती मोटर का जळली

आप्पा, तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली आणि तुमच्यावरचा माझा राग अजून ताजा आहे. लिहितेय नात. मी खाटेवर बसून सांगते, ती उतरवते, आणि मध्येच विचारते, "आजी, वडलांना असं बोलतात का?" म्हटलं, जिवंतपणी बोलले नाही तेच चुकलं, तू लिही. मला अक्षर तुम्ही शिकवलं नाहीत. तेव्हा पोरीनं दुसऱ्याच्या हातून का बोल लावले, असं आता वर बसून विचारू नका.

तुमचं मोटरी भरायचं दुकान नाशकात द्वारका चौकात, ट्रकांच्या धुरात. नवरा वारल्यावर लेकीला घेऊन मी सायखेड्याहून माघारी आले, तेव्हा तुमचे हात थरथरायला लागले होते आणि बारीक तार डोळ्यांना दिसेनाशी झाली होती. भावाला ते काळं काम नको होतं. म्हणून मला बाकावर बसवलंत. माया म्हणून नव्हे, अडला हरी म्हणून. जळलेल्या मोटरीची बॉडी भुशाच्या मंद धगीवर ठेवायची, जुनी तार सैल झाली की ओढून काढायची, खाचा साफ करायच्या, नवी तांब्याची तार मोजून गुंडाळायची, खाचांत भरायची, वर वॉर्निश. किती वेढे ते तुम्ही वहीत लिहायचात. मला वही काय कामाची? मी चिंचोके ठेवले. दहा वेढे झाले की एक चिंचोका या डबीतून त्या डबीत. तुम्ही म्हणालात, "दुकान हाय का सारीपाट?" पण वर्षभरात तुमच्या वहीपेक्षा माझे चिंचोके खरे निघायला लागले. मग तुम्ही हसायचं सोडलंत. कौतुक काही सुरू केलं नाहीत. तेवढा एक नेम तुम्ही मरेपर्यंत पाळलात.

त्या वर्षांत नाशकात इमारतीवर इमारत उठत होती. प्रत्येकीला खाली एक टाकी, गच्चीवर एक टाकी, आणि मध्ये पंप. मोटर जळली की चारी मजल्यांच्या बाया कळश्या घेऊन जिन्यात, म्हणून ज्याला त्याला मोटर आजच्या आज पाहिजे. गंगापूर रोडच्या एका सोसायटीची अशीच आली, आपण भरून दिली, आणि आठव्या दिवशी परत दारात, काळी ठिक्कर. चेअरमन आलेले, मागे एक बाई रिकामी बादली घेऊन, पुरावा म्हणून आणली असावी. मी बाकावरच. तुम्ही मोटर उघडता, वास घेता, आणि माझ्याकडे न बघता म्हणता, "पोरीनं मोजण्यात घोळ घातला, साहेब. अंगठेबहाद्दर हाय, काय करता." बाई म्हणते, "मग लिहिता-वाचता येणारं माणूस बसवा की! चार मजले चढून बघा एकदा." आणि तुम्ही तिच्याबरोबर हसता. बापानं पोरीवर हसावं, हरकत नाही, पण गिऱ्हाइकाच्या सुरात सूर मिळवून? मी म्हटलं, "आप्पा, मोटर आपल्यापुढंच हाय. एका खाचेतली तार कापून वेढे मोजा. एक जरी कमी निघाला तर उद्यापास्नं दुकानात पाय नाय ठेवणार." तुम्ही म्हणालात, "गप. साहेबांना चहा सांग."

मोजले नाहीत तुम्ही. दोन मिनिटांचं काम होतं. पुढच्या सोमवारी आयटीआय झालेला एक माणूस माझ्या जागेवर बसलेला, आणि माझ्या हातात केरसुणी. मोजायला चुकणारी बाई, असं माझं नाव द्वारकेपासून सगळ्या दुकानांत झालं. दुसऱ्या दोघांकडे काम मागायला गेले, ते म्हणाले, "आप्पाच म्हणतात तर..." मग मी मेथी-शेपूच्या जुड्या विकल्या, आप्पा. वीस जुड्या मोजून घ्यायच्या, वीस मोजून द्यायच्या. तिथं कधी चुकले नाही, बरं का. तुम्ही त्याच थंडीत गेलात. मी रडले, लोकांना बरं दिसतं म्हणून. थोडी खरीही रडले असेन.

आता परवाचं ऐका. आम्ही राहतो त्या इमारतीची मोटर बसली. पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून मीटिंग भरली. आजीनं पूर्वी हेच काम केलंय, म्हणून सेक्रेटरीनं मला पुढची खुर्ची दिली. कडक इस्त्रीचा एक इंजिनीअर आला आणि स्थळं दाखवावीत तशी मोटरी दाखवायला लागला. एक, जुनीच परत भरायची. दुसरी साधी नवी. तिसरी कमी वीज खाणारी, तिच्यात तांबं जास्त आणि आतला पत्रा भारी प्रतीचा. चौथी चुंबकाची, सगळ्यांत कमी खाणारी, पण तिला चाल कमी-जास्त करणारी पेटी लागते. सगळ्यांचा जीव चौथीवर. नवीन सुनेवर असतो तसा. मी विचारलं, "दादा, आमच्या गच्चीची उंची रोज बदलती का?" "नाही, आजी." "मग चाल बदलून करायचं काय?" तो हसला. म्हणाला, बरोबर आहे, नळांना थेट दाबानं पाणी सोडता तिथं त्या पेटीचा खरा उपयोग. तुमचा पंप एका चालीनं टाकी भरतो आणि थांबतो. "आणि चौथी रुसली तर द्वारकेला तिची समजूत कोण काढणार?" म्हणे, सध्या तरी बाहेरगावी पाठवावी लागेल. तोवर बाया जिन्यात. तेव्हा तिसरी ठरली. तुमच्या अंगठेबहाद्दरीनं ठरवली, आप्पा, आणि आमच्या चेअरमननं सही केली.

पण सेक्रेटरी म्हणजे फाटक्या बनियनला ठिगळ लावणारा माणूस. सही झाल्यावरही तो म्हणाला, "जुनीच भरू की. चारदा भरली, पाचव्यांदा काय होतंय?" इंजिनीअरनं त्या जुन्या मोटरीच्या आतल्या पत्र्यांवर बोट ठेवलं. म्हणाला, "तार काढताना कुणीतरी हिला लाल होईपर्यंत भाजलंय. या पत्र्यांच्या मधे पातळ अस्तर असतं, ते जळून गेलं. मग वीज पत्र्यांतच गरगर फिरून वाया जाते आणि मोटर नुसती तापते. अशी मोटर कितीही मोजून भरा, वीज जास्तच खाणार, आणि फार भाजली असेल तर आठवड्यात जळणार." सगळे माना डोलवत होते. माझी मान हलेना. घरी आले, जेवले नाही. नातीला वाटलं, बीपी वाढलं.

म्हणून हा कागद. नात विचारतेय, हेही लिहू का? लिही म्हटलं, हा कुठं जाणार आहे? आप्पा, गंगापूर रोडची मोटर पहिल्यांदा आली त्या दिवशी तुम्ही दुकानात नव्हतात, दवाखान्यात गेला होतात. जाताना बजावून गेलात, धग मंद ठेव, घाई करू नको. दुपारी माझ्या लेकीला बघायला पाहुणे यायचे होते. मंद धगीला चार तास लागतात. मी रॉकेल ओतलं, वर टायरचा तुकडा टाकला. अर्ध्या तासात बॉडी निखाऱ्यासारखी लाल झाली. तार लोण्यासारखी निघाली आणि मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं. मंद धग म्हणजे म्हाताऱ्याचं खूळ, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. वेढे मात्र बरोबर होते. एकही कमी नव्हता, हे मी कुठंही शपथेवर सांगेन, आणि तुम्ही मला खोटं पाडलंत तो राग मी सोडणार नाही. फक्त मोटर जळून परत आली त्या दिवशी तुम्ही ओरडून एवढंच विचारलं असतंत ना, जाळताना काय केलंस गं, तरीही मी खरं सांगितलं नसतं.